डोळ्याला बूच

काही दुखण्यांना आपल्या गावात नावच नसतं. डोळे आले, हे नाव आहे. मोतीबिंदू, नंबर, रातांधळेपणा, ही नावं आहेत. पण "डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटतं, जळजळतं, खुपतं, आणि बघायला गेलं तर आत काहीच नाही" या तक्रारीला नाव नाही. मग आपण तिला एक सर्वसाधारण नाव देतो... गरमी. वऱ्हाडात-वर्ध्यात तर हे नाव कशालाही चालतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की गरमीवर संशय घ्यायला वेगळा पुरावा लागत नाही. डोळ्यांवर काकडी ठेवा, गुलाबपाणी टाका, तळपायाला तेल चोळा. झालं.

या दुखण्याचं नाव आहे 'ड्राय आय', म्हणजे डोळे कोरडे पडणं. नाव कळलं तरी माणूस लगेच मान्य करत नाही. कारण या दुखण्याची सगळ्यात मोठी गंमत (ज्याला होतं त्याला ती गंमत वाटत नाही, हे वेगळं) अशी की कोरड्या डोळ्यांतून पाणी वाहतं! बुबुळावरचा ओलावा तुटला की तिथल्या नसा ओरडतात, आणि मेंदू घाबरून एकदम भसाभसा पाणी सोडतो. हे पाणी गालावर येतं, पण डोळ्यावर टिकत नाही. जूनमधल्या एखाद्या वळवाच्या पावसासारखं ते येतं, सगळं वाहून जातं, आणि अर्ध्या तासाने ढेकूळ पुन्हा कोरडं. म्हणून "माझे डोळे कोरडे कसे? दिवसभर तर पाणी येतं!" हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो, आणि तो अगदी रास्त असतो.

आता थोडं शाळेतलं विज्ञान. कंटाळू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

डोळ्यावरचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. खाली चिकट थर, त्यात मिसळलेलं खारट पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा एक अतिशय पातळ पापुद्रा. पाणी वरच्या पापणीमागच्या अश्रुग्रंथीतून येतं. तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या ग्रंथींतून येतं. हे तेल पाण्याची वाफ होऊ देत नाही. आपण पापणी लवतो तेव्हा हे मिश्रण डोळ्यावर सारवल्यासारखं पसरतं, आणि वापरलेलं पाणी नाकाकडच्या कोपऱ्यात ढकललं जातं. तिथे दोन्ही पापण्यांच्या कडेला एकेक बारीक छिद्र असतं. आरशासमोर खालची पापणी जराशी बाहेर ओढून पाहा, नाकाच्या बाजूला सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसेल. तीच डोळ्याची मोरी. दोन डोळ्यांच्या मिळून अशा चार मोऱ्या. तिथून पाणी बारीक नळीने एका पिशवीत, आणि पिशवीतून नाकात उतरतं. रडताना नाक का गळतं, आणि डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव घशात का येते, याचं उत्तर त्या ठिपक्यात आहे.

म्हणजे हिशेब सरळ आहे. पाणी कमी तयार झालं, किंवा तयार झालेलं लवकर उडून गेलं, की डोळा कोरडा. बऱ्याच लोकांत दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या असतात. वय, पाळी जाणं, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, मन ठिकाणावर ठेवायच्या काही गोळ्या, काचबिंदूचे थेंब, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे काही महिने, मोबाइलकडे टक लावून बघणं (तेव्हा पापणी एरवीपेक्षा निम्म्याहूनही कमी वेळा लवते), ही नेहमीची कारणं. त्यात आपली भर म्हणजे चुलीचा धूर, सोयाबीन काढतानाचं कुटार, मोटारसायकलवरचा गरम वारा, आणि रात्रभर थेट तोंडावर सोडलेला कूलर.

यावर आपल्याकडे उपाय एकच, ड्रॉप्स. आणखी ड्रॉप्स. बाटली संपली की दुसरी बाटली.

ड्रॉप्स वाईट नाहीत. उपचाराची सुरुवात त्यांनीच होते आणि पुष्कळांचं तेवढ्यावर भागतंही. पण एक आकडा मला फार बोलका वाटतो. डोळ्यात एरवी असणारं पाणी असतं साधारण ७ मायक्रोलिटर. बाटलीतून पडणारा एक थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे वाटीत तांब्या उपडा करण्यासारखं. बरंचसं गालावर सांडतं, उरलेलं काही मिनिटांत त्या मोरीतून नाकात. ज्याचा कोरडेपणा थोडा आहे त्याला चालतं. ज्याच्या डोळ्यात मुळात पाणी झिरपतच नाही, त्याने दिवसातून आठ-दहा वेळा थेंब टाकायचे म्हणजे टँकरवर गाव जगवण्यातला प्रकार झाला. टँकर आला की हंडे भरतात, टँकर गेला की परत वाट बघा.

टँकरचं हे गणित आपल्या भागाला नव्याने शिकवायची गरज नाही. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकत आपण मोठे झालो. आमच्या शेजारच्या आर्वी तालुक्यातलं काकडदरा २०१७ साली वॉटर कपमध्ये राज्यात पहिलं आलं, ते काही बाहेरून पाणी आणून नव्हे. पडणारं पाणी त्या लोकांनी वाहून जाऊ दिलं नाही. आधी वाहून जाणारं थांबवा, मग कमी पडेल ते बाहेरून आणा. हे ज्याला शेतात कळतं त्याला डोळ्यातही कळायला हरकत नाही.

डोळ्यात पाणी अडवायची ही युक्ती आहे, आणि ती नवी नाही. तिला पंक्टल प्लग म्हणतात. मी आपलं साधं बूच म्हणतो. पापणीच्या कडेचं ते छिद्र बंद करायचं, म्हणजे जे काही थोडं पाणी तयार होतं ते डोळ्यावर जास्त वेळ राहील, आणि वरून टाकलेले थेंबही. १९३५ साली बीटहॅम नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हे छिद्र चक्क डागून बंद करायची पद्धत मांडली. १९६१ मध्ये फाउल्ड्स यांनी विरघळणाऱ्या जिलेटिनच्या काड्या वापरून पाहिल्या. आणि १९७५ मध्ये फ्रीमन या डॉक्टरांनी सिलिकॉनचं बूच आणलं, जे बसवता येतं आणि नको वाटलं तर काढताही येतं. खरी सोय झाली ती या 'काढता येतं' मुळे. म्हणजे ही वस्तू पन्नास वर्षं जुनी आहे! टीव्ही, फोन, मोटारसायकल सगळं आमच्या आष्टीला पोचलं, हे पोचायचं राहिलं.

मला हे कळायचं कारण माझी मोठी आई. वय बासष्ट. सगळं आयुष्य शेत आणि चूल. दोन वर्षं तिचं एकच पालुपद, "डोयात माती गेल्यावानी वाटते बाप्पा, अन् पाणी तं थांबूनच नाई रायलं." गावात कोणी म्हणालं गरमी, कोणी म्हणालं नंबर वाढला. औषधाच्या दुकानातून लाली घालवायचे थेंब आले. टाकले की डोळे पांढरेशुभ्र, आणि उतरले की पहिल्यापेक्षा जास्त लाल. मग कोणाच्या तरी घरात उरलेली दुसरी एक बाटली आली. तिच्यात स्टेरॉइड होतं. तिने खूपच बरं वाटलं, आणि हाच तर तिचा धोका. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय असे थेंब महिनोन्‌महिने टाकले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. नशीब, ती बाटली पंधरा दिवसांतच संपली.

एका दवाखान्यात सांगितलं, "आजी, वय झालं, असं होणारच." हे वाक्य मला फार खटकतं. वय झालं हे निदान नाही. ते बोलणं संपवायचं वाक्य आहे.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली. पाच मिनिटं डोळे मिटून बस म्हणाल्या. याला शर्मर टेस्ट म्हणतात. ओटो शर्मर या जर्मन डॉक्टरांनी १९०३ साली ही पद्धत सांगितली, म्हणजे हीसुद्धा शंभरीपार. पट्टी पाच मिनिटांत दहा मिलिमीटरच्या वर भिजली तर ठीक. पाच किंवा त्याहून कमी म्हणजे पाणी खरंच कमी. मोठ्या आईची भिजली एका डोळ्यात तीन, दुसऱ्यात चार. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो दोन वर्षांत कोणीच विचारला नव्हता.

"आजी, तोंड पण कोरडं पडते का?"

मोठी आई म्हणाली, "पडते ना. भाकर खाताना घोटभर पाणी लागते दर घासाले. पण तोंडाचं अन् डोयाचं काय काम?"

काम होतं. तोंड कोरडं, डोळे कोरडे, बोटांचे सांधे सकाळी आखडलेले (ज्याला ती वात म्हणायची). ही तिन्ही मिळून एका आजाराकडे बोट दाखवतात. त्याला शोग्रेनचा आजार म्हणतात. स्वीडनच्या हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात त्याचं तपशीलवार वर्णन केलं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रू करणाऱ्या ग्रंथींवर उलटते. बायकांत, आणि मध्यम वयानंतर, जास्त दिसतो. रक्ताची तपासणी झाली आणि तेच निघालं. आता सांधेवाल्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. डोळ्यांच्या तक्रारीवरून हे सापडलं, आणि सापडलं एका कागदाच्या पट्टीमुळे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

बूच मात्र बाईंनी लगेच बसवलं नाही. मला घाई होती, त्यांना नव्हती. त्या म्हणाल्या, आधी डोळ्यातली सूज उतरू द्या. कारण सूज असलेल्या डोळ्याचं पाणीही दूषितच असतं, आणि ते अडवून ठेवलं तर तेच पाणी डोळ्याला जास्त जाळणार. कारखान्याचं सांडपाणी वाहणाऱ्या नाल्यावर कोणी बंधारा घालतं का? काही आठवडे सूज उतरवायचे थेंब झाले. मग विरघळणारं बूच घालून पाहिलं, ते कोलॅजनचं असतं आणि काही दिवसांत आपोआप जातं. पाणी अडवल्याने बरं वाटतं की उलट गालावर ओघळ येतात, ते त्यात कळतं. मोठ्या आईला बरं वाटलं. मग सिलिकॉनचं.

बसवणं म्हणाल तर भिण्यासारखं काहीच नाही. हनुवटी टेकवायच्या त्या यंत्रासमोर बसवतात, डोळा बधिर करायचा थेंब टाकतात, छिद्राचं माप घेतात, आणि चिमट्याने बूच आत सरकवतात. बुचाची जाडी एक मिलिमीटरहून कमी, लांबी दीड-दोन मिलिमीटर. राजगिऱ्याचा दाणा आणि त्याला शेपूट, अशी कल्पना करा. सुई नाही, टाके नाहीत, पट्टी नाही. बहुधा आधी खालच्या दोन छिद्रांतच बसवतात, वरची दोन मोकळी ठेवतात. पाचेक मिनिटांत मोठी आई उठली आणि म्हणाली, "बस, झालं? एवढ्यासाठी येवढ्या दूर?"

मोठ्या आईचा हा प्रश्न अजून माझ्या डोक्यात आहे. त्यावर येतोच. पण त्याआधी बुचाची दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर मी काही विकायला बसलोय असं वाटायचं.

बूच हा चमत्कार नाही. मोठ्या आईचे थेंब बंद झाले नाहीत. आठ-दहा वेळांवरून तीन-चार वेळांवर आले, आणि रात्री झोपेतून उठून थेंब टाकणं थांबलं. चार महिन्यांनी एका बाजूचं बूच पडून गेलं, तिला कळलंसुद्धा नाही. पुन्हा बसवावं लागलं. पडणं ही बुचाची सगळ्यात नेहमीची खोड आहे, आणि डोळे चोळायची सवय असेल तर जास्तच. काहींना कोपऱ्यात टोचत राहतं. काहींना पाणी इतकं साचतं की चिडून काढूनच टाकतात. क्वचित आजूबाजूला मांस वाढतं, किंवा बूच आत सरकून नळीला जंतुसंसर्ग होतो. पूर्ण आत बसणारी जी बुचं असतात त्यांत हा धोका लक्षात ठेवावा लागतो, कारण ती बाहेरून दिसत नाहीत आणि सहज काढताही येत नाहीत.

आणि सगळ्यांनाच बूच लागतं असंही नाही. बहुतेकांचा कोरडेपणा हा तेलाच्या ग्रंथी तुंबल्यामुळे असतो किंवा त्यात तेलाचा वाटा मोठा असतो. त्यांच्या डोळ्यात पाणी असतं, पण वर पापुद्रा नसल्याने उडून जातं. त्यांना आधी पापण्यांना गरम कपड्याचा शेक, हलक्या हाताने मालीश, कडा स्वच्छ ठेवणं. घरच्या घरी, फुकटात. जगभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी मिळून २०१७ साली कोरड्या डोळ्यांवर एक मोठा अहवाल काढला, ड्यूज-२ नावाचा. त्यात उपचाराच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर शेक, स्वच्छता, वारा-धूर टाळणं, त्रास देणाऱ्या गोळ्या तपासणं आणि साधे थेंब. त्याने भागलं नाही तर दुसऱ्या पायरीवर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, सूज उतरवणारी औषधं, आणि बूच. त्याच वर्षी कॉक्रेनने बुचांवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांचं म्हणणं, काहींना फायदा दिसतो, पण पुरावा ठाम म्हणावा असा नाही. चाचण्या लहान, प्रत्येकीची पद्धत वेगळी.

मग एवढं असूनही मी बुचाची बाजू का घेतो?

एक तर, पुरावा कच्चा आहे याचा अर्थ वस्तू निकामी आहे असा होत नाही. ज्यांचं पाणी खरोखर कमी आहे त्यांच्यात आणि ज्यांचं फक्त तेल कमी आहे त्यांच्यात फरक न करता सगळ्यांना एकच बूच लावलं, तर निकाल धूसरच येणार. काळ्या जमिनीत आणि मुरमाड जमिनीत एकच पीक लावून सरासरी काढल्यासारखं ते होईल. माणूस नीट निवडला तर ही वस्तू कामाची आहे, आणि नाही जमली तर काढता येते. आजन्म थेंब घेण्याला पर्याय म्हणून निदान तिचं नाव तरी पेशंटच्या कानावर पडायला हवं.

दुसरं म्हणजे खर्चाचं गणित. बुचाचं ऐकलं की लोक आधी किंमत विचारतात. थेंबांची कोणी विचारत नाही, कारण ती हप्त्याहप्त्याने जाते. पण वर्षभराच्या बाटल्या एका ओळीत मांडून बघा. त्यात बहुतेक साध्या बाटल्यांत टिकाऊपणासाठी प्रिझर्व्हेटिव्ह असतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ते डोळ्यात गेलं तर डोळ्याच्या पृष्ठभागालाच त्रास देतं. म्हणजे ज्याला थेंब सगळ्यात जास्त लागतात त्यालाच ते सगळ्यात जास्त बाधतात. त्याच्यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब असतात, ते महाग. कापसाच्या भावावर ज्याचं घर चालतं त्याला हे दर महिन्याला झेपत नाही. मग तो एक बाटली दोन महिने पुरवतो, आणि उघडलेली बाटली दोन महिने वापरणं हे आणखी एक दुखणं.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. मोठी आई विचारत होती, एवढ्यासाठी एवढ्या दूर? आष्टी म्हटलं की लोकांना १६ ऑगस्ट १९४२ आठवतो, इतिहासाच्या पुस्तकात आमचं नाव आहे. पण डोळ्यात बूच बसवायचं तर आष्टीहून आर्वी, आर्वीहून वर्धा, नाहीतर तळेगाववरून नागपूर. जाऊन-येऊन दिवस गेला, सोबत्याची मजुरी बुडाली. वर्धा जिल्हा काही वैद्यकीय दृष्ट्या मागासलेला नाही. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला आहे. जिल्ह्यात दोन-दोन वैद्यकीय महाविद्यालयं असणं हे महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांच्या नशिबात नाही. तरी कागदाची एक पट्टी आणि पाच मिनिटं एवढ्यासाठी बासष्ट वर्षांच्या बाईला दोन वर्षं थांबावं लागतं. इथे अडचण ज्ञानाची नाही, मानायची आहे. कोरडे डोळे हे दुखणं आहे हेच आपण मानत नाही.

याचं कारणही आहे. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला आणि त्याने मोतीबिंदूवर फार मोठं काम केलं. गावोगावच्या शिबिरांनी लाखो लोकांना दृष्टी दिली. पण शिबिरात मोजतात ते किती दिसतं हे. कोरड्या डोळ्याच्या माणसाला तक्त्यावरची ओळ बहुतेक वेळा वाचता येते! जरा पापण्या लवून, जरा थांबून, पण वाचतो. मग त्याच्या कागदावर 'नॉर्मल' असा शिक्का बसतो आणि तो घरी येऊन उन्हाने तापलेल्या भिंतीकडेसुद्धा बघू शकत नाही. आंधळेपणाच्या मोजपट्टीत न बसणारा त्रास हा त्रासच नव्हे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. त्यात तो त्रास बहुतांशी बायकांचा, पन्नाशीपुढच्या. त्यांचं दुखणं घरातच शेवटच्या नंबरला, तर सरकारी कागदावर कुठून येणार?

माझा एक डॉक्टर मित्र यावर म्हणतो, "अरे, मोतीबिंदूची रांग अजून संपली नाही, तिथे तुझं बूच कोण बघतो?" त्याचं म्हणणं चूक नाही. पण रांगेचा हा न्याय लावायचा तर ज्याचा जीव जात नाही आणि दृष्टी जात नाही त्याचा नंबर कधीच लागणार नाही. आणि खरं तर तीव्र कोरड्या डोळ्यात दृष्टीही जाऊ शकते. कोरडं पडलेलं बुबुळ सहज खरचटतं, त्यात शेतातलं कुसळ किंवा माती गेली की जखम चिघळते, फूल पडतं. मग त्याच माणसाला आपण अंधत्वाच्या आकड्यात धरतो. तेव्हा तो मोजायला सोपा जातो.

आणि वस्तू महाग आहे म्हणून गावाला नको, हा युक्तिवाद तर आपण एकदा खोटा पाडलेला आहे. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायची भिंगं एकेकाळी परदेशातून यायची आणि सामान्य माणसाला जाड काचेचा चष्माच नशिबी यायचा. १९९२ साली मदुराईला ऑरोलॅब सुरू झाली, भिंगं इथेच बनू लागली, आणि किंमत इतकी उतरली की शिबिरातल्या गरीब माणसालाही भिंग मिळू लागलं. बूच तर भिंगाहून कितीतरी साधी वस्तू आहे. मागणी असती तर तेही स्वस्त झालं असतं. मागणी नाही, कारण निदान नाही. निदान नाही, कारण कोणी पट्टीच लावत नाही. सगळं येऊन थांबतं त्या कागदाच्या पट्टीपाशी.

म्हणून माझी मागणी बुचाची नाहीच मुळी, पट्टीची आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, डोळ्यांच्या प्रत्येक शिबिरात, चाळिशीपुढच्या बाईने 'डोळ्यात माती गेल्यासारखं वाटतं' म्हटलं की दोन प्रश्न विचारावेत: तोंड कोरडं पडतं का, आणि सांधे आखडतात का. पट्टी लावावी. ज्यांना शेकाने भागेल त्यांना शेक शिकवावा आणि फुकट घरी पाठवावं. ज्यांना नाही भागणार त्यांना बूच म्हणजे काय हे सांगावं, त्याचे गुण आणि खोडी दोन्ही सांगाव्यात, आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडावं. मोठ्या दवाखान्यांचे डॉक्टर ठरावीक दिवशी तालुक्याला येतातच, त्यांच्या पेटीत चार मापांची बुचं मावायला काही अडचण नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि तोवर आपल्या हातातलं आपण करावं. कूलरचं तोंड उशीकडून भिंतीकडे वळवावं. मोटारसायकलवर दुपट्टा बांधतो तसा साधा चष्माही घालावा. दुकानातून नाव न वाचता थेंब आणू नयेत, आणि शेजाऱ्याची उरलेली बाटली तर नकोच नको. मध, आईचं दूध, एरंडेल डोळ्यात टाकू नये. घरात कोणी दर दोन मिनिटांनी डोळे मिचकावत असेल, पदराने टिपत असेल, तर 'गरमी आहे' म्हणून विषय संपवू नये.

वाहून जाणारं पाणी अडवायचं आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. फक्त ते पाणी वाहून जातंय, हे आधी कोणीतरी बघायला पाहिजे.